कुत्र्याच्या पिल्लाच्या तोंडातल्या चामखिळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेसेज बहुतेक रात्री उशिरा येतो. सोबत मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेला फोटो: वर उचललेला ओठ, कुणाचं तरी ओलं बोट आणि हललेलं नाक. खाली एवढंच, "हे काय आहे?" बेवारस पिल्लं घर मिळेपर्यंत सांभाळताना मी या चामखिळी इतक्यांदा पाहिल्यात की फोटो कितीही हललेला असला तरी अंदाज येतो. पण नुसत्या फोटोवरून काही ठरवू नये, हेही तितक्याच वेळा शिकलेय. प्रश्न ४ वाचलात की कळेल का ते. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एका जागी केलंय. घाईत असाल तर आधी प्रश्न १२ बघा.

१. पिल्लाच्या ओठावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काहीतरी उगवलंय. ही चामखीळच का?

सुरुवातीला मोहरीएवढा, गुळगुळीत, पांढुरका फुगवटा दिसतो. काही दिवसांत तो वरून फुटल्यासारखा होतो आणि खडबडीत तुरा तयार होतो. जवळून पाहिलं तर बारीक कोंब एकमेकांना चिकटून उभे दिसतात. रंग गुलाबी, पांढरट किंवा राखाडी. ओठांची कड आणि आतली बाजू, गालाचा आतला भाग, हिरड्या, जीभ, टाळू, कधीकधी घशापर्यंत. सहसा एकटी नसते, बरोबर चार-पाच तरी असतातच. पिल्लू दोन वर्षांच्या आतलं असेल, खाणं-खेळणं नेहमीसारखं असेल आणि तोंडात असे तुरे असतील, तर बहुधा चामखिळीच.

बघताना जबडा फाकवायची झटापट करू नका. पिल्लू दमून पडलेलं असताना अंगठ्याने ओठाचा कोपरा वर करा आणि दुसऱ्या कुणाला टॉर्च धरायला सांगा. जिभेखालचं आणि टाळूवरचं जांभईत दिसतं. जांभईची वाट बघणं हे माझ्या मते सगळ्यात कमी त्रासाचं तपासणीचं तंत्र आहे.

२. हे होतं कशामुळे? आमची काही चूक झाली का?

कॅनाइन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतं. त्याचे वीसहून जास्त प्रकार माहीत आहेत, आणि तोंडात उगवणाऱ्या चामखिळींमागे बहुतेक वेळा प्रकार १ असतो. धडधाकट, अखंड कातडीतून हा आत शिरत नाही. त्याला बारीकसं खरचटणं लागतं. आता पिल्लाचं तोंड आठवा: साडेतीन ते सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या हुळहुळतात, आणि त्याच काळात काठ्या, दगड, चपला, खुर्चीचे पाय सगळं चावून बघायचं असतं. विषाणूला दार उघडंच मिळतं. वर या विषाणूची शरीराला अजून ओळख नसते. यात स्वच्छतेचा, आहाराचा किंवा तुमच्या हयगयीचा काही संबंध नाही.

३. घरात लहान मुलं आहेत. मांजरही आहे. त्यांना होईल का?

नाही. कुत्र्याचा हा विषाणू माणसाला किंवा मांजराला लागत नाही. माणसाच्या चामखिळींचे विषाणू वेगळे. मुलाच्या बोटावर चामखीळ आहे म्हणून पिल्लाला झाली, असंही नसतं.

४. वरच्या पुढच्या दातांच्या अगदी मागे मधोमध एक टेंगूळ आहे. तेही त्यातलंच?

तोंड उघडून बघायला लागल्यावर लोकांना आधी कधीच न पाहिलेल्या गोष्टी दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच जन्मजात असतात. तुम्ही म्हणता ते टेंगूळ प्रत्येक कुत्र्याला असतं. टाळूच्या सुरुवातीला, दोन मधल्या दातांच्या मागे, गुळगुळीत आणि बरोबर मध्यरेषेवर. वास घेण्याच्या एका इंद्रियाकडे जाणारी नळी तिथेच उघडते. खालच्या ओठाची मागची कडही नैसर्गिकरीत्याच करवतीसारखी दातेरी असते. तिथला फोटो "चामखिळींची रांग" म्हणून मला किती वेळा आलाय त्याची गणती नाही. आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या जिभेच्या कडेला बारीक झालर असते, ती दूध ओढायला असते.

ओळखायची सोपी खूण अशी: नैसर्गिक गोष्ट दोन्ही बाजूंना सारखी किंवा बरोबर मधोमध असते आणि महिनाभर तशीच राहते. चामखीळ कुठेही उगवते आणि आठवड्यागणिक बदलते.

उलट बाजूची गफलतही होते. काळसर, गुळगुळीत, वाढणारी गाठ, किंवा मधून फुटून रक्ताळलेली एकच गाठ, ही चामखीळ समजून घरी बसू नका. मोकाट फिरलेल्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी एक संसर्गजन्य गाठ असते. हुंगण्या-चाटण्यातून ती नाका-तोंडातही रुजते आणि तिला औषधोपचार लागतातच. फोटोवरून निदान नको ते यासाठी.

५. कालच बागेत एका कुत्र्याशी खेळला आणि आज चामखीळ दिसली. त्याच्याकडूनच आली ना?

त्या कुत्र्याच्या मालकाला फोन करून भांडू नका. लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारण एक ते दोन महिने जातात. म्हणजे गुन्हेगार शोधायचाच तर मागच्या महिन्या-दोन महिन्यांतले सगळे खेळगडी, सामायिक पाण्याची भांडी, चावलेले चेंडू असं सगळं आठवावं लागेल. संसर्ग थेट तोंडाला तोंड लागून होतो, तसाच अशा वस्तूंमधूनही होतो.

६. डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि "चामखीळ आहे" म्हणाले. तपासणी नको का?

तरुण कुत्रा आणि नमुनेदार तुरे असतील तर डोळ्यांनी केलेलं निदान पुरतं. तुकडा काढून तपासायची वेळ येते ती चित्र बसत नसेल तेव्हा: वय जास्त, गाठ एकच, रंग किंवा पोत विचित्र, किंवा दिवस उलटून गेले तरी हलायचं नाव नाही.

७. औषधच दिलं नाही! "आपोआप जातील" म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि त्यामागची तगमग मला कळते. फी भरून हात हलवत परत आल्यासारखं वाटतं. पण बहुतेक पिल्लांसाठी तेच बरोबर उत्तर आहे.

कारण असं. हा विषाणू रक्तातून फिरत नाही. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्येच राहतो आणि वरचेवर झडणाऱ्या थरातून बाहेर पडतो. तो ना सूज आणतो, ना ताप. त्यामुळे रोगप्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा लागायलाच वेळ लागतो. एकदा का लागला, की पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि जवळपास सगळ्या चामखिळी एकदमच ओसरू लागतात. सहसा एक ते तीन महिन्यांत तोंड साफ होतं, काहींना पाच महिनेही लागतात. मागे डाग किंवा व्रण राहत नाही.

मी सांभाळलेल्या एका कुत्रीच्या तोंडात मी एकदा तेवीस मोजल्या होत्या. सात आठवडे काहीही घडलं नाही. आठव्या आठवड्यात चार दिवस टॉर्च लावायला विसरले आणि पाचव्या दिवशी बघते तर सहा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, पण "काहीतरी द्याच" म्हणून हट्ट धरू नका. तसा हट्ट धरला की काहीतरी मिळतंच.

८. आधी तीन होत्या, पंधरा दिवसांत वीस झाल्या. म्हणजे बिघडतंय का?

पहिले काही आठवडे त्या वाढतात, आकारानेही आणि संख्येनेही. एका चामखिळीतला विषाणू लाळेतून त्याच तोंडात दुसरीकडे पेरला जातो. समोरासमोर घासणाऱ्या दोन ओठांवर जोडीने उगवलेल्या दिसतात त्या अशाच. वीस आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही. कुठे आहेत आणि पिल्लाला काय करू देत नाहीत, हे महत्त्वाचं. त्यासाठी प्रश्न १२.

९. जायला लागल्यात हे कसं ओळखायचं?

गुलाबी तुरा मळकट राखाडी होतो, आकसतो, सुकल्यासारखा दिसतो आणि झडतो. काही वेळा जाताना काळपट पडतो, त्याने लोक हबकतात. झडलेला तुकडा पिल्लू गिळतं, त्याने काही होत नाही. दर रविवारी त्याच जागेचा, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि डॉक्टरांनाही "वाढल्यासारखं वाटतंय" यापेक्षा पाच रविवारचे पाच फोटो जास्त सांगतात.

१०. घरात दुसरा कुत्रा आहे. दोघांना वेगळं ठेवू का?

खरं सांगायचं तर तुम्हाला चामखीळ दिसली त्याच्या आधीपासून ते दोघं एका भांड्यात पाणी पितायत. लागायचं असेल तर ते बहुधा लागून गेलंय. दुसरा कुत्रा मोठा, निरोगी असेल तर त्याची शक्यता तशीही कमी. लहानपणी कधीतरी त्याला हा विषाणू भेटून गेलेला असू शकतो. अशा घरात मी दोघांना दोन खोल्यांत कोंडत नाही. भांडी आणि चावायची खेळणी वेगळी करते, दोरीची ओढाओढ बंद करते, आणि दर आठवड्याला दुसऱ्याचंही तोंड बघते.

तीन बाबतींत मात्र खरोखर वेगळं ठेवा: दुसरं लहान पिल्लू असेल, म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा असेल (प्रश्न १९). गाभण कुत्री असेल तर तिलाही यातच धरा. आणि चामखिळी असताना घरात नवं पिल्लू आणू नका. महिनाभर थांबलात तर पिल्लू काही पळून जात नाही.

११. बाग, डे-केअर, ट्रेनिंग क्लास कधीपर्यंत बंद? आणि भांडी कशाने धुवायची?

शेवटची चामखीळ जाईपर्यंत बंद. मी त्यावर आणखी दोन आठवडे थांबते, कारण जिभेखाली किंवा घशाशी राहिलेली एखादी सहज नजरेतून सुटते. माणसांबरोबर फिरायला जाणं चालू ठेवा, फक्त दुसऱ्या कुत्र्यांशी तोंडाला तोंड नको आणि सार्वजनिक भांड्यातलं पाणी नको. डे-केअरला स्वतःहून कळवा. कळवणाऱ्याला लोक नावं ठेवत नाहीत, लपवणाऱ्याला ठेवतात.

धुण्याबद्दल: या विषाणूला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, म्हणून अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. स्टीलची भांडी आधी साबणाने घासा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून दहा मिनिटं भिजवा, आणि वास जाईपर्यंत खळखळून धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं काही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. चिंध्या झालेलं दोरीचं खेळणं सरळ फेकून द्या.

१२. डॉक्टरांकडे लगेच कधी पळायचं?

श्वास घेताना घरघर किंवा धाप, गिळताना अडखळणं, दिवसभर काहीच न खाणं, न थांबणारं रक्त, यात त्याच दिवशी जा. तोंडाला सडका वास, घट्ट किंवा रक्तमिश्रित लाळ, चेहऱ्यावर सूज, ताप, तोंडाला हात लावू न देणं, यात एक-दोन दिवसांत. जखमी चामखिळीत जिवाणूंचा संसर्ग झालेला असतो आणि त्याला औषध लागतं. तीन महिने झाले आणि ओसरायची चिन्हं नाहीत, तर वेळ घेऊन जा.

१३. खाताना चामखीळ चावली जाते आणि रक्त येतं. खायला काय देऊ?

नेहमीचंच, पण मऊ करून. कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवा. हाडं, शिंगं, कडक चावणी आणि काठ्या काही आठवडे बंद. ब्रश करत असाल तर चामखिळींच्या जागा सोडून करा, आणि तो ब्रश दुसऱ्या कुत्र्यासाठी वापरू नका. पाण्याच्या भांड्यात गुलाबी छटा दिसली एवढ्याने घाबरू नका. ओल्या स्वच्छ कापडाने हलके दाबा, पाचेक मिनिटांत थांबतं. नाही थांबलं तर प्रश्न १२.

माणसाच्या तोंडाला लावायची सुन्न करणारी जेल लावू नका. काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं, ते कुत्र्याला घातक आहे.

१४. दोरा बांधून पाडू का? लसणाचा रस, टी ट्री ऑइल, चामखिळीवरचं माणसांचं औषध?

नको, नको, नको आणि नको. माणसांच्या औषधात सॅलिसिलिक आम्ल असतं. तळपायाच्या जाड कातडीसाठी बनवलेलं ते औषध जिभेवर भाजतं आणि पोटातही जातं. टी ट्री ऑइल आणि लसूण दोन्ही कुत्र्यांना विषारी. दोरा बांधला तर रक्तस्राव, संसर्ग आणि हातावर दात.

या उपायांची ख्याती टिकून आहे ती एका साध्या कारणाने: लोक वैतागून उपाय सुरू करतात तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि चामखिळी जायची वेळही तीच असते.

१५. अझिथ्रोमायसिनने जातात असं वाचलं. खरं आहे का?

अर्धं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत हे प्रतिजैविक दिलेल्या कुत्र्यांच्या चामखिळी साधारण दोन आठवड्यांत गेल्या, ते न दिलेल्यांच्या गेल्या नाहीत. त्यावरून बरेच डॉक्टर ते देतात. पण प्रत्यक्षात सगळ्यांना असा गुण येत नाही, आणि हे औषध जिवाणूंवरचं आहे, विषाणूवरचं नाही. पिल्लू मजेत खात असेल तर मी थांबते. चामखिळी खूप असतील, खाणं अवघड होत असेल आणि डॉक्टरांनी सुचवलं, तर देते. घरात माणसांसाठी आणलेली गोळी अंदाजाने मोडून देणं हा तिसरा प्रकार, तो करूच नका.

इंटरफेरॉन (प्रतिकारशक्तीला चालना देणारं औषध) किंवा चामखिळीपासूनच बनवलेली लस असे उपाय हट्टी केसेससाठी असतात आणि त्यांचा गुण बेभरवशाचा. इमिक्विमॉड मलम कातडीवरच्या चामखिळींना कधी लावतात, पण तोंडात ते चाटलंच जाणार. काही डॉक्टर एक-दोन चामखिळी चिमट्याने चिरडतात, शरीराला विषाणूची ओळख व्हावी म्हणून. त्याचा ठोस पुरावा नाही. घरी तर अजिबात करू नका.

१६. मग कापून काढाव्यात का?

गिळायला किंवा श्वासाला अडथळा, दातांमध्ये येऊन सतत जखम, किंवा महिनोन्महिने न जाणं, ही कारणं असतील तर हो. शस्त्रक्रिया, लेसर, विद्युत-दहन किंवा गोठवून, चामखीळ कुठे आहे त्यावर ठरतं. भूल द्यावी लागते. वाढीच्या काळात काढल्या तर पुन्हा उगवू शकतात, हे आधी माहीत असू द्या. फक्त दिसायला घाण वाटतात म्हणून भूल देणं मला पटत नाही.

१७. लस द्यायची तारीख आलीय. आणि रिपोर्टवर "सीपीव्ही" लिहिलंय, म्हणजे पार्वो?

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण त्याने झोप उडते. पॅपिलोमा आणि पार्वो दोन्ही विषाणूंना संक्षेपात सीपीव्ही लिहिलं जातं. पुढे १ असेल आणि रिपोर्ट तोंडातल्या चामखिळीच्या तुकड्याचा असेल, तर तो पॅपिलोमा. पार्वोत पिल्लू उलट्या आणि रक्ताळ जुलाबांनी आडवं पडतं, सोफ्याचा पाय चावत नाही. तरी खात्रीसाठी डॉक्टरांना विचाराच.

नेहमीच्या लसींमुळे या चामखिळी टळत नाहीत. पण चामखिळी आहेत म्हणून रेबीजची किंवा पार्वोची लस परस्पर पुढेही ढकलू नका. फोन करून सांगा, म्हणजे दवाखान्यात इतर पिल्लांपासून लांब बसवतील.

१८. पुढच्या आठवड्यात नसबंदी आहे. करावी की थांबावं?

डॉक्टरांना आधी कळवा. भुलीसाठी श्वासनलिकेत नळी घालतात, आणि घशाशी चामखीळ असेल तर ती खरचटून रक्त येऊ शकतं. ओठांवरच दोन-तीन असतील तर बहुधा अडत नाही. घाई नसेल तर महिनाभर पुढे ढकलणं सोपं.

१९. आमचा कुत्रा नऊ वर्षांचा आहे. त्याला आता कशा झाल्या?

या पानावरचं "वाट बघा" हे उत्तर त्याच्यासाठी नाही. मोठ्या वयात चामखिळी आल्या तर दोन प्रश्न उभे राहतात. एक, ही नक्की चामखीळच का? या वयात तोंडातल्या गाठींमध्ये मेलानोमासारखे कर्करोगही असतात, म्हणून तुकडा तपासून घ्या. दोन, प्रतिकारशक्ती कशाने खाली गेली? स्टिरॉइड, सायक्लोस्पोरिन, कर्करोगाची औषधं यांनी असं होतं. खाजेसाठीच्या ओक्लासिटिनिबचंही डॉक्टरांना सांगा. ते तर बारा महिन्यांखालच्या कुत्र्यांना देऊच नये असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. औषध कमी करायचं की बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. स्टिरॉइड तर स्वतःहून एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.

२०. एकदा गेल्या की परत येतात का?

त्याच प्रकारच्या विषाणूच्या सहसा येत नाहीत, शरीर तो लक्षात ठेवतं. दुसऱ्या प्रकारांच्या मात्र कातडीवर किंवा पंजावर येऊ शकतात. पापणीवर आली आणि बुबुळाला घासत असेल, डोळा मिचकावत असेल, तर थांबू नका. डोळ्याची जखम चामखिळीच्या गतीने चालत नाही.

२१. याचा कॅन्सर होतो का?

तरुण, निरोगी कुत्र्यात अत्यंत क्वचित. ज्या थोड्या घटना नोंदल्या गेल्यात त्यांत चामखिळी दीर्घकाळ टिकलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमकुवत असलेली दिसते. हिशोब ठेवायचा तो वेळेचा. किती दिवस झाले हे सांगता आलं पाहिजे, म्हणून ते रविवारचे फोटो.

२२. सगळ्या गेल्या, एकच उरलीय. तीही जाईलच ना?

बहुधा. पण बाकीच्या गेल्यानंतर महिनाभर ती जशीच्या तशी असेल, किंवा वाढत असेल, तर ती त्यांच्यातली नव्हतीच असं धरून चाला. गर्दीत एखादी वेगळी गाठ लपून राहते आणि गर्दी ओसरल्यावर उघडी पडते. हिरडीतून दातांच्या मुळाशी वाढणारी गाठ तर अशी हमखास फसवते. तिचा तुकडा तपासायला द्या, आणि जाताना जुने फोटो बरोबर न्या: ती पहिल्या दिवसापासून तिथेच होती की नंतर आली, हे डॉक्टर पहिलं विचारतील.